चौदावं पाऊल

कॉलेजच्या मैदानावर चुन्याची फक्की मारून रेषा आखणाऱ्या माणसाला कुणी फारसं विचारत नाही. रेषा सरळ आल्या तर त्या जणू गवतातून आपोआप उगवल्या असं लोक धरून चालतात, आणि एखादी वाकडी आली की मात्र ती सगळ्यांना दिसते. काका सव्वीस वर्षं हे काम करत होते. त्यांचं खरं नाव फक्त हजेरीपुस्तकात होतं. प्राचार्यांपासून काल आलेल्या पहिल्या वर्षाच्या पोरीपर्यंत सगळे त्यांना फक्कीकाका म्हणत, आणि आता दुसऱ्या कुठल्या नावाने हाक मारली असती तर त्यांनी वळूनही पाहिलं नसतं.

त्या वर्षी कॉलेजचा मुलींचा फुटबॉल संघ सुसाट सुटला होता. दहा सामने, आठ विजय, दोन बरोबरी, हार एकही नाही. ज्या कॉलेजने आजवर फुटबॉलमध्ये शेजारच्या आवारात चेंडू घालवण्यापलीकडे काही कमावलं नव्हतं, तिथे आता दर सोमवारी फलकावर पोरींचे फोटो लागायचे. पुढे गोल मारायला डावरी होती, जिचा डावा पाय सगळ्या स्पर्धेला ठाऊक झाला होता. मागे बचावाला एक उंच, शांत पोरगी होती, तिला सगळे भिंत म्हणत. आणि भिंतीच्याही मागे, गोलात, काकांची एकुलती एक लेक. लहानपणी कपाटावरून पलंगावर उड्या घ्यायची म्हणून घरी तिला माऊ म्हणत, आणि ते नाव तिच्या मागोमाग मैदानावरही आलं. कॉलेजचं तिचं हे शेवटचं वर्ष होतं.

या सोन्यासारख्या हंगामात माऊच्या पायात एकच काटा होता, पण तो पक्का रुतलेला. पेनल्टी. घरच्या मैदानावर तिच्याविरुद्ध चार पेनल्ट्या झाल्या आणि चारही आत गेल्या. दर वेळी ती दिशा बरोबर ओळखायची, झेपही बरोबर घ्यायची, आणि चेंडू बोटांपुढून वीतभर अंतरावरून निघून जायचा. बाहेरच्या मैदानांवर दोन झाल्या, त्या दोन्ही तिने अडवल्या. यावर कॉलेजातल्या शहाण्यांनी खूप डोकं खाजवून एक निदान केलं. घरच्या मैदानावर बाप बघत असतो, म्हणून पोरीला दडपण येतं.

हे काकांच्या तोंडावर बोलल्या त्या मॅडम, म्हणजे संघाच्या प्रशिक्षक. तोंडाने फटकळ, पण पोटात काही न ठेवणाऱ्या.

"काका, राग मानू नका. पण पेनल्टी झाली की तुम्ही जरा तिच्या नजरेआड होत जा."

काका राग कसला मानतात! त्यांना ते पटलंच. चौथ्या पेनल्टीला शिट्टी वाजली तसे ते धावत सामानाच्या खोलीत गेले आणि जाळ्यांच्या ढिगामागे श्वास रोखून उभे राहिले. तरी गोल झालाच. तेव्हा त्यांना वाटलं, आपणच जायला उशीर केला असणार.

माऊच्या घरात एक रीत होती. सामन्याआधी ती दहाही बोटांना पांढरी चिकटपट्टी गुंडाळायची, आणि सामना संपवून घरी आली की ती पट्टी काढायचं काम काकांचं. कोमट पाण्याचं भांडं, एक छोटी कात्री, आणि समोरासमोर दोन स्टुलं. त्या दहा-पंधरा मिनिटांत ती सामना पहिल्यापासून शेवटपर्यंत बोलून दाखवायची. काकांना तो सामना पाहण्यापेक्षा हा ऐकण्यातच जास्त गोडी वाटायची.

चौथ्या गोलानंतरच्या संध्याकाळी मात्र ती बराच वेळ गप्प होती. मग म्हणाली, "बाबा, मी हळू झालेय."

"काहीतरीच!"

"खरंच. दिशा कळते, पण अंग पोचत नाही. अर्धा क्षण उशीर होतो. रोज चाळीस पेनल्ट्या मारून घेते मी डावरीकडून. त्यातल्या सात-आठ अडवते फक्त."

"अगं, बाहेर दोन अडवल्यास की."

"ते नशीब होतं." तिने डावा हात पुढे केला. "मी ठरवलंय. फायनलला पेनल्टी झाली तर मॅडमना खूण करणार, धाकटीला आत पाठवा म्हणून. माझ्यापायी सगळ्यांचा कप जायला नको."

धाकटी म्हणजे संघातली दुसरी गोलकीपर, पहिल्या वर्षाची, अजून कॉलेजात वाट चुकणारी. काकांची कात्री जागच्या जागी थांबली. ही पोरगी सात वर्षांची असताना दोन चपला मांडून त्यांच्यामध्ये उभी राहिली होती, आणि तिथून तिला जेवायलासुद्धा उचलून न्यावं लागलं होतं. आता ती आपण होऊन गोल सोडायच्या गोष्टी करत होती, आणि त्याला कारण आपली नजर, असं काकांच्या डोक्यात पक्कं बसलं होतं.

गुणतक्त्यात पहिला नंबर म्हणून अंतिम सामना घरच्याच मैदानावर ठरला, शनिवारी. स्पर्धा समितीचा माणूस शुक्रवारी मैदान तपासायला येणार, असं पत्र आलं. बुधवारी सकाळी मॅडमनी एक कोरी करकरीत पोलादी टेप काकांच्या हातात ठेवली.

"या वेळी हिनेच मोजा. तुमची ती दोरी पुरे आता."

काकांना ते जरा लागलं. कारण दोरी ही त्यांची दौलत होती. जाड, पांढरी, सुती, तिला ठरावीक अंतरांवर लाल धाग्याच्या गाठी. एक गाठ मधल्या वर्तुळाची, एक पेनल्टीच्या ठिपक्याची म्हणजे अकरा मीटरची, आणि एक पेनल्टीच्या चौकटीची, साडेसोळा मीटरची. जुनी दोरी झिजून तुटली तेव्हा गेल्या हंगामाच्या शेवटी त्यांनी ही नवी केली होती, स्वतः मोजून, दोनदा. गोलरेषेवर खुंटी ठोकायची, दोरी ताणायची, गाठ आली की फक्की. सारं मैदान तासाभरात तयार. टेप म्हणजे पोराटोरांचं काम, असं त्यांचं मत होतं.

म्हणून त्यांनी आधी टेपचीच परीक्षा घ्यायची ठरवली. दोरी ताणून जमिनीवर पसरली आणि शेजारी टेप लावली. अकराच्या गाठीशी टेप दाखवत होती दहा मीटर एक्केचाळीस सेंटिमीटर.

काका हसले. टेप खोटी निघाली! आजकाल कशाचा भरवसा राहिलाय? त्यांनी कॉलेजच्या वर्कशॉपमधून सुताराची टेप मागून आणली, तिच्यावरची धूळ फुंकली आणि पुन्हा मोजलं. दहा एक्केचाळीस. मग त्यांचं हसू मावळलं. त्यांनी मैदानावर जाऊन गोलरेषेपासून थेट ठिपक्यापर्यंत मोजलं. दहा एक्केचाळीस. चौकट साडेसोळाच्या जागी पंधरा मीटर आणि बासष्ट. पलीकडच्या गोलाकडेही तेच. काका ठिपक्यावर मटकन खाली बसले. त्यांच्या पायाखालची जमीन सरकली होती, आणि ती किती सरकली होती हेही त्यांना आता सेंटिमीटरमध्ये माहीत होतं.

घरी जाऊन त्यांनी काकूंना एकच प्रश्न विचारला. "अगं, तू माझी दोरी कधी धुतली होतीस का?"

काकूंचा चेहरा खुलला. "आता आठवण झाली होय! हंगाम सुरू व्हायच्या आधी. किती घाण झाली होती ती. कढत पाण्यात सोडा घालून रात्रभर भिजवली, बडवली, दोन दिवस उन्हात वाळवली. पांढरीशुभ्र निघाली नव्हती? तुम्ही तर एका शब्दानं बोलला नाहीत."

सुती दोरी, पहिली धुलाई, कढत पाणी. आटायला आणखी काय लागतं? आणि आटली ती सगळी सारख्याच प्रमाणात. वर्तुळ लहान, चौकट लहान, ठिपका जवळ, सगळं एकमेकांशी जुळलेलं, त्यामुळे डोळ्याला काही खटकलंच नाही. सुट्टीत गवत वाढून जुन्या रेषा बुजल्या होत्या. आणि सव्वीस वर्षं ज्याच्या रेषा सरळ आल्या, त्याच्या मागे टेप घेऊन कोण फिरणार?

काकांनी सगळं सांगितलं. काकू ऐकत गेल्या आणि हळूहळू त्यांचा हात तोंडावर गेला.

"म्हणजे माऊ..."

"हळू झालेली नाही. बाहेरच्या मैदानांवर ठिपका बरोबर जागी असतो, तिथे अडवते. इथे मारणारी तिच्या अर्धा मीटर जवळ येऊन मारते."

"मग तिला सांगा! आत्ताच्या आत्ता सांगा."

तिथेच तर सगळं अडलं. आठ विजयांतले पाच या मैदानावरचे. त्यातले दोन डावरीने पेनल्टीवर मिळवून दिलेले, त्याच जवळच्या ठिपक्यावरून. हे बाहेर फुटलं आणि एखाद्या संघाने हरकत घेतली तर? समितीने सगळे निकाल रद्द केले तर? पोरींचा सगळा हंगाम धुऊन निघेल, आणि पुढे जन्मभर लोक म्हणतील की हिच्या बापाच्या दोरीपायी कप गेला. माऊला सांगावं तर ती गप्प बसणारी नाही. ती सरळ मॅडमकडे जाईल, आणि मॅडम सरळ समितीकडे. दोघीही एकाच मापाच्या. काकांचं धाबं दणाणलं.

"शनिवार होऊ दे," ते म्हणाले. "मी शुक्रवारी पहाटे सगळं बरोबर आखतो. कुणाला कळणार नाही."

"आणि तोवर ती स्वतःला हळू समजत बसेल," काकू म्हणाल्या. काका उठून मैदानावर गेले.

गुरुवारी त्यांना राहवलं नाही. ते मॅडमच्या खोलीच्या दारात जाऊन उभे राहिले. मॅडम टेबलावर कागद पसरून बसल्या होत्या, डोळे तांबारलेले.

"काका, काही वाईट सांगायला आला असाल तर शनिवारनंतर सांगा. माझ्या डोक्यात आता जागा नाही."

"नाही, सहजच," काका म्हणाले आणि परतले. आपल्याला जणू परवानगीच मिळाली, असं त्यांनी मनाला समजावलं. भित्र्या माणसाला निमित्त मिळायला वेळ लागत नाही, आणि काका त्या आठवड्यात भित्रे होते, हे इथे स्पष्टच सांगितलेलं बरं.

त्या दिवशी संध्याकाळी माऊ सरावाहून आली ती स्वयंपाकघरात जाऊन बसली. चाळीसातल्या सहा अडवल्या होत्या. कणीक मळणाऱ्या आईच्या पाठीला डोकं टेकून ती रडली, आवाज न करता. काकूंनी तिच्या डोक्यावरून काकांकडे पाहिलं. काका दारात उभे होते. त्यांच्या जिभेवर शब्द आले होते, अगदी दाताशी. मग त्यांनी वळून उगाचच नळ घट्ट बंद केला, जो आधीच बंद होता.

शुक्रवारी संघाला विश्रांती होती. काकांनी उजाडताच जुन्या रेषांवर पाणी मारून त्या घासून काढल्या, वर माती आणि कापलेलं गवत पसरलं आणि टेपने सगळं नव्याने आखलं. समितीचा माणूस आला, चार ठिकाणी मोजून पाहिलं आणि म्हणाला, "वा! सूतभर फरक नाही. जुनी माणसं ती जुनी माणसं." काका खाली बघत टेप गुंडाळत राहिले. नवी चौकट आता जुनीपेक्षा अठ्ठ्याऐंशी सेंटिमीटर पुढे आली होती, आणि हे साऱ्या जगात फक्त त्यांना आणि काकूंना माहीत होतं.

शनिवारी मैदानाच्या कडेला माणूस मावत नव्हता. काका नेहमीच्या जागी, सामानाच्या खोलीजवळ, रोलरला टेकून उभे राहिले. दोरी त्यांच्या खिशात होती. ती घरी ठेवायचा धीर झाला नव्हता, कुणाच्या हाती लागली तर म्हणून. समोरचा संघ गेल्या वर्षीचा विजेता होता आणि त्या पोरी धिप्पाड होत्या. तरी अठ्ठाविसाव्या मिनिटाला डावरीने दोघींच्या मधून चेंडू काढून कोपऱ्यात मारला, आणि एक-शून्य झालं. सगळे नाचले. काका मात्र घड्याळाकडे बघून हिशेब करत राहिले, अजून बासष्ट मिनिटं.

ती बासष्ट मिनिटं त्यांनी कशी काढली हे त्यांचं त्यांना माहीत. चेंडू आपल्या चौकटीजवळ आला की त्यांचा जीव वरखाली व्हायचा. पेनल्टी नको, बाकी काहीही होऊ दे. दोन गोल होऊ देत, पण पेनल्टी नको. माऊने तीन चेंडू असे अडवले की लोक तिच्या नावाने ओरडू लागले. सत्तर मिनिटं झाली. पंचाहत्तर. मॅडमनी थकलेल्या दोघींना बाहेर घेतलं, तरी एक बदल हातात राखून ठेवला. तो कशासाठी, हे काकांना सांगायला नको होतं.

एक्क्याऐंशीव्या मिनिटाला समोरची एक पोरगी उजवीकडून चेंडू घेऊन आत शिरू लागली. भिंत तिला आडवी गेली. भिंतीचं एक ठरलेलं होतं. चौकटीच्या रेषेच्या हातभर बाहेर, जिथे फाऊल झाला तरी फक्त फ्री किक मिळते, तिथेच ती गाठायची. सगळा हंगाम तिने असंच केलं होतं, रेषेकडे न बघता, नुसत्या पायाच्या सवयीने. आजही पायाने तीच जागा शोधली. धडक झाली, पोरगी पडली, आणि पंचाची शिट्टी वाजली. पंचाचा हात पेनल्टीच्या ठिपक्याकडे गेला.

"बाहेर होते मी!" भिंत ओरडली. आयुष्यात कधी आवाज न चढवलेली पोरगी. "मी रोज इथेच अडवते! मला माहितीये, इथे चौकट नाही!"

मग तिने खाली पाहिलं. पांढरी रेषा तिच्या बुटांच्या हातभर पुढे होती, म्हणजे ती रेषेच्या आत उभी होती. ती त्या रेषेकडे बघतच राहिली, भूत पाहावं तशी.

ती जागा काकांची होती. परवापर्यंत ती चौकटीबाहेर होती. त्यांनी काल ती आत घेतली आणि एका शब्दाने कुणाला सांगितलं नाही. सवयीप्रमाणे त्यांचे पाय सामानाच्या खोलीकडे वळले. नजरेआड व्हायचं. दारापर्यंत गेलेही ते.

पण माऊला या हंगामात एक सवय लागली होती. पेनल्टीआधी ती पुढे जाऊन ठिपक्याजवळ उभी राहायची आणि तिथून गोलरेषेपर्यंत पावलं मोजत परत यायची. मन शांत होतं, म्हणायची. घरच्या मैदानावर तेरा. दर वेळी तेरा. बाहेरच्या मैदानांवर चौदा भरायची, पण परक्या मैदानावर पावलं आखडतात असं ती समजायची. आज ती मोजत निघाली. काका दारातून बघत होते, आणि त्यांचेही ओठ हलत होते. अकरा, बारा, तेरा. तेरावं पाऊल पडलं आणि रेषा आली नाही. माऊ थबकली. मग तिने चौदावं पाऊल टाकलं, आणि ते रेषेवर पडलं.

ती वळली. मैदानाबाहेर मॅडम उभ्या होत्या, शेजारी धाकटी, हातमोजे घालून, पांढरी फटक पडलेली. मॅडमनी हाताने विचारलं, बदलू? माऊचा हात अर्धा वर गेला आणि तिथेच थांबला. ती मॅडमकडे बघत नव्हती. ती कडेच्या गर्दीत कुणाला तरी शोधत होती.

काका खोलीच्या दारातून बाहेर आले. आधी दोन पावलं, मग धावतच, गुडघे दुखत असताना, लोकांना बाजूला सारत, थेट कडेच्या रेषेपर्यंत. खिशातून त्यांनी दोरी काढली, डोक्यावर धरली आणि सव्वीस वर्षांत या मैदानावर कधी काढला नव्हता असा आवाज काढला.

"आजचं बरोबर आहे! माऊ, आजचं बरोबर आहे! आधीचं चुकलं होतं!"

सगळं मैदान त्यांच्याकडे बघायला लागलं. पंचाने डोळे वटारले. मॅडमचं तोंड उघडं राहिलं. कुणाला काही अर्थ लागला नाही. माऊला लागला. ती काकांकडे बघत राहिली, दोरीकडे, पुन्हा ठिपक्याकडे. मग तिने मॅडमना मान हलवून नाही म्हटलं, आणि हातमोज्यांवर थाप मारून गोलात उभी राहिली.

समोरच्या पोरीने चेंडू डावीकडे मारला, खाली, जोरात. माऊ झेपावली. ज्या जागी चार वेळा चेंडू तिच्या बोटांपुढून निसटला होता, त्या जागी तिचा अख्खा तळवा चेंडूच्या आधी पोचला होता. चेंडू खांबाबाहेर गेला. भिंतीने तिला उचललं, डावरी दोघींवर येऊन पडली, आणि काका कडेच्या रेषेवरच खाली बसले. नऊ मिनिटांनी शेवटची शिट्टी झाली. कॉलेजने पहिल्यांदा कप जिंकला होता.

फोटो, नाच, प्राचार्यांचं लांबलेलं भाषण, सगळं झालं. गर्दी पांगल्यावर मॅडमनी काकांना बाजूला घेतलं.

"आधीचं चुकलं होतं, म्हणजे काय काका?"

काकांनी दोरी टेबलावर ठेवली, शेजारी टेप ठेवली, आणि काही न लपवता सांगितलं. काकूंचं नाव तेवढं घेतलं नाही. भिजली कशी तरी, म्हणाले. मॅडमनी त्या लाल गाठी एकेक करून बोटाने चाचपल्या.

"गुरुवारी तुम्ही हेच सांगायला आला होतात?"

"हो."

"आणि मी तुम्हाला हाकललं." त्यांनी कपाळ चोळलं. "सोमवारी समितीला पत्र जाईल. तुम्ही सांगा, मी लिहिते. कप राहो की जावो. आजचा दिवस पोरींना नाचू दे."

ते पत्र गेलं, आणि उत्तर तीन आठवड्यांनी आलं. दोन्ही संघ त्याच ठिपक्यांवरून खेळले, निकाल कायम, मैदानाच्या माणसाला सक्त ताकीद. पण ते पुढचं झालं. त्या शनिवारी ते तिघं घरी आले तेव्हा कप राहणार की नाही हे कुणालाच ठाऊक नव्हतं; दोरी आटल्याचं तेवढं काकांनी वाटेत माऊला सांगितलं होतं. काकूंनी पाणी कोमट करून ठेवलं. दोन स्टुलं समोरासमोर मांडली गेली. माऊ आली, पण बसली नाही. पदक गळ्यात, बोटांना पट्ट्या, उभीच.

"चार गोल," ती म्हणाली. "ते माझे नव्हते."

"नव्हते. माझे होते."

"त्यातले दोन माझ्या नावावर घाल," काकू ओट्याजवळून म्हणाल्या. "कढत पाणी मी घातलं."

काकांनी जे झाकायचा प्रयत्न केला होता ते बाईने एका वाक्यात उघडं केलं. माऊच्या ओठांच्या कोपऱ्यात क्षणभर हसू आलं आणि गेलं.

"दोरीचं मला काही वाटत नाही, आई. दोरी काय, आटते. कळलं कधी तुम्हाला, बाबा?"

काकांना खोटं बोलता आलं असतं. शुक्रवारी, असं म्हणता आलं असतं.

"बुधवारी. सकाळी."

माऊने मनात दिवस मोजले असावेत. तिचा चेहरा बदलला.

"म्हणजे गुरुवारी मी इथे रडत होते, तेव्हा तुम्हाला माहीत होतं."

"हो."

"दारात उभे होतात."

"हो. भीती वाटली मला. तुझा कप जाईल याची."

"मला कप नको होता, बाबा!" तिचा आवाज फुटला. "मला फक्त कळायला हवं होतं की मी हळू नाहीये. एवढंच. ते तुमच्या खिशात होतं, तीन दिवस."

काका स्टुलावर मान खाली घालून बसले होते. पेनल्टीच्या वेळी सुद्धा त्यांना इतकी भीती वाटली नव्हती. "दोरी आटली तो अपघात," ते शेवटी म्हणाले. "ते तीन दिवस मात्र माझे. त्याला माझ्याकडे कारण नाही."

पाणी निवत चाललं. मग माऊ समोरच्या स्टुलावर बसली आणि तिने उजवा हात पुढे केला. काकांनी तो पाण्यात बुडवला, कात्री घेतली आणि एकेक बोट सोडवायला सुरुवात केली. ती सामन्याबद्दल काही बोलली नाही. पाचवं बोट मोकळं झाल्यावर काका दुसऱ्या हाताची वाट बघत थांबले. तो तिने मांडीवरच ठेवला होता. ती उठली, आणि डाव्या हाताची पट्टी दातांनी ओढून काढत आपल्या खोलीत गेली.